जुन्या छोट्या गाड्यांवरचं त्या काळातलं ट्यूनिंग: खरं कसं ओळखायचं, किंमत कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६५ ची मॉरिस मिनी, मूळ ८४८ सीसीची, ब्रिटनमध्ये विक्रीला आहे. रॉकर कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर, ‘डाउनटन’ या ट्यूनिंग फर्मची पाटी, दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर, डॅशबोर्डखाली रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा). मालक सांगतो की गाडी नवी असतानाच डाउनटनकडे ट्यून झाली होती, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी तिच्या इंजिनात बदल झाले होते. तशाच अवस्थेतल्या साध्या मिनीच्या जवळजवळ दुप्पट भाव तो मागतो आहे. हे कन्व्हर्जन (बदलाचं काम) खरं आहे का, आणि खरं निघालं तर दुप्पट पैसे द्यावेत का?

पहिलं काम, ती पाटी काही वेळ नजरेआड करा. या धंद्यात सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सहज मिळणारी आणि सगळ्यात कमी सिद्ध करणारी वस्तू म्हणजे पाटी. रॉकर कव्हर हा दोन नटांवर बसणारा पत्र्याचा डबा आहे. दहा मिनिटांत एका गाडीवरून दुसरीवर जातो. पाटीवरून गाडीकडे जायचं नसतं. आधी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि कागद काय सांगतात ते बघायचं, आणि शेवटी ती पाटी त्यांच्याशी जुळते का ते.

डाउनटन इंजिनिअरिंग ही इंग्लंडमध्ये विल्टशायरमधल्या सॉल्सबरीजवळच्या डाउनटन गावातली फर्म. डॅनियल रिचमंड आणि त्यांची पत्नी ती चालवत. मिनी १९५९ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आली तेव्हा तिचं इंजिन ३४ हॉर्सपॉवरचं होतं. रिचमंड यांनी त्याच इंजिनाच्या (त्याला ए-सीरीज म्हणत) हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागातल्या, वाटा आणि ज्वलनकक्षांवर असं बारीक काम केलं, की पुढे खुद्द मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने (बीएमसी) त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. तिथेच काम केलेल्या यान ओडोर यांनी नंतर सॉल्सबरीत जॅनस्पीड काढली. त्याच काळात हॅडनहॅमला अलेक्झांडर इंजिनिअरिंग होती, बर्मिंगहॅमला राल्फ ब्रॉड यांची ब्रॉडस्पीड होती, रेसर ग्रॅहॅम हिल यांचं नाव जोडलेली स्पीडवेल होती. शिवाय बीएमसीचा स्वतःचा स्पेशल ट्यूनिंग विभाग ॲबिंगडनहून सुटे भाग विकत होता. रिचमंड १९७४ मध्ये गेले आणि पुढे डाउनटनही बंद झाली. फर्म बंद पडली म्हणजे ‘फोन करून विचारू’ हा सोपा मार्ग संपला. नकली मालाला नेमकी तिथेच जागा मिळते.

आता खरेदीदार सहसा गोंधळतात तो मुद्दा. ‘खरं’ आणि ‘खोटं’ असे दोनच कप्पे इथे नसतात. मी चार धरतो. पहिला, गाडी स्वतः त्या फर्मच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि तिथल्या हातांनी काम झालं. दुसरा, फर्मने किट पाठवलं आणि ते त्याच काळात एखाद्या डीलरने, गॅरेजवाल्याने किंवा हौशी मालकाने बसवलं. तिसरा, भाग त्या काळातले आणि अस्सल, पण या गाडीवर ते गेल्या काही वर्षांत आले. चौथा, नव्याने बनवलेले भाग आणि वर जुनं नाव. विकणारा नेहमी पहिल्या कप्प्याची भाषा बोलतो. गाडी मात्र बहुधा तिसऱ्या कप्प्यातली असते, आणि दरवेळी त्यात लबाडी असतेच असं नाही. मधल्या चार मालकांपैकी कुणीतरी हौसेने भाग जमवले, पुढच्याने ते विकत घेताना ऐकीव गोष्ट सोबत घेतली, आणि तीन हात बदलल्यावर ती गोष्ट इतिहास म्हणून सांगितली जाऊ लागली.

दुसऱ्या कप्प्याला लोक विनाकारण हलकं समजतात. त्या काळात पुष्कळ ट्यूनिंग पोस्टाने किंवा रेल्वे पार्सलने आलेल्या खोक्यातूनच झालं. जुनं हेड पाठवा, तयार केलेलं हेड घ्या, असा एक्स्चेंजचा व्यवहार सर्रास चालत असे. अशा गाडीवर फर्मचा हात लागला नसेल, पण काळाचा शिक्का तिच्यावर पक्का आहे. १९६५ मध्ये किट बसवलेली आणि तेव्हापासून तशीच राहिलेली मिनी मला नव्या रंगातल्या संशयास्पद ‘वर्क्स’ (फर्मच्याच वर्कशॉपमधली म्हणवणाऱ्या) गाडीपेक्षा केव्हाही जवळची वाटते.

इंजिनाकडे येऊ. ए-सीरीजचं हेड हा या तपासाचा गाभा आहे. हेडवर ओतीव अक्षरांत क्रमांक असतो. तो सहसा रॉकर कव्हर काढल्यावर व्हॉल्व्ह स्प्रिंगांच्या आसपास दिसतो. १२जी२९५ हे ९९८ सीसीच्या कूपरचं (मिनीची कारखान्यातूनच येणारी वेगवान आवृत्ती) आणि एमजी ११०० चं हेड. श्वास चांगला घेणारं, म्हणून छोट्या बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनांसाठी ट्यूनरांचं आवडतं. त्याहून ताकदवान कूपर एसवर आधी एईजी१६३ येई, नंतर १२जी९४०. समजा तुमच्या ८५० वर (८४८ सीसीच्या मिनीला ८५० म्हणतात) १२जी९४० निघालं. ते मोठ्या बोअरसाठीचं हेड आहे. छोट्या बोअरच्या ब्लॉकवर ते तसंच बसवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकला आपटतात. त्यासाठी ब्लॉकमध्ये खाचा पाडाव्या लागतात किंवा लहान व्हॉल्व्ह घालावे लागतात. हे करतात, चांगलंही चालतं, पण तो नंतरच्या काळात रुळलेला उपाय आहे. १९६५ ची गोष्ट आणि ९४० हेड एकत्र दिसले की मला त्या गोष्टीची तारीख पुढे सरकवावीशी वाटते.

मग हेडची जाडी. न घासलेलं ए-सीरीज हेड २.७५ इंच जाड असतं. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी ते घासत, त्यामुळे ट्यून केलेलं हेड त्याहून कमी भरायला हवं. कॅलिपर लावून दोन मिनिटांत कळतं. मात्र पुढच्या साठ वर्षांत गॅस्केट उडाल्यावरही कुणीतरी ते घासलेलं असू शकतं. म्हणून पातळ हेडमुळे दावा सिद्ध होत नाही, पण पूर्ण जाडीच्या हेडमुळे तो जवळजवळ मोडतो. या साऱ्या तपासाची रीत अशीच आहे: बहुतेक पुरावे दावा खोडू शकतात, सिद्ध करणारे फार थोडे.

स्पार्क प्लग काढून बोरोस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आत सोडा. पिस्टनचा माथा सपाट आहे की खोलगट, ज्वलनकक्षाच्या कडा मूळ ओतकामाच्या खडबडीत आहेत की हाताने घासून मऊ केलेल्या, हे दिसतं. कार्ब्युरेटर उतरवायची परवानगी मिळाली तर इनटेकच्या वाटा बघा. जुनं चांगलं काम हाताने केलेलं असतं. चारही ज्वलनकक्ष आकारमानाने सारखे असतात, पण पृष्ठभागावर हत्याराच्या खुणा एकसारख्या नसतात. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेल्या वाटेवर समान अंतराच्या बारीक रेघा राहतात, त्या डोळ्यांना लगेच खटकतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली वेगळ्या धातूच्या कड्या बसवलेल्या दिसल्या तर घाबरू नका. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल १ जानेवारी २००० पासून सर्वसाधारण विक्रीतून गेलं, आणि शिशाविना व्हॉल्व्ह टेकण्याची जागा झिजू नये म्हणून अनेक जुन्या हेडांवर हे काम झालं. ती मोठी उणीव नाही. विकणारा मात्र ‘हेडला १९६५ नंतर हात लागलेला नाही’ असं म्हणत असेल, तर त्याची बाकीची वाक्यंही त्याच मापाने मोजा.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बाहेरून दिसत नाही, पण रॉकर कव्हर काढून डायल गेज लावलं की व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते कळतं. कारखान्याच्या हँडबुकमधला आकडाच आला तर कॅम साधा आहे. डाउनटनच्या सौम्य किटमध्ये ते चालून जातं. ‘फुल रेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत नाही.

कार्ब्युरेटरवर सविस्तर बोलायला हवं, कारण नजर आधी तिकडेच जाते. रिचमंड यांचा कल वेबर कार्ब्युरेटरपेक्षा एसयूकडे होता, त्यामुळे दोन एसयू हे तुमच्या गाडीच्या गोष्टीशी सुसंगत आहे. पण कारखान्याच्या कूपरवरही दोन सव्वा इंची एसयू होतेच. म्हणजे एखाद्या भंगारातल्या कूपरवरून ते इथे आले असणं अगदी शक्य आहे. एसयूच्या फ्लोट चेंबरच्या झाकणावर, स्क्रूखाली, ॲल्युमिनियमची छोटी चकती असते. तिच्यावरचा एयूडीने सुरू होणारा क्रमांक ती जोडी मुळात कोणत्या गाडीसाठी बनली ते सांगतो. चकती नसेल तर विशेष काही नाही, ती हरवतेच. असेल आणि कूपरचा क्रमांक निघाला, तर निदान हे भाग कुठून आले त्याचा धागा मिळाला.

मिनीवर वेबर ४५ असेल तर वेगळीच पाहणी लागते. तो कार्ब्युरेटर मागे इतका येतो की मधल्या स्पीडोमीटरच्या मागचा फायरवॉलचा (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या भिंतीचा) पत्रा कापावा लागतो. त्या कापलेल्या कडेकडे टॉर्च लावून बघा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची कड असेल तर तिच्यावर रंगाचे थर, मळ, तेलाचा चिकटा आणि दबलेला गंज एकावर एक असतात. ताज्या ग्राइंडरने कापून वर काळा स्प्रे मारलेली कड वेगळी दिसते. कार्ब्युरेटरच्या झाकणावर ‘बोलोन्या’ आणि ‘इटली’ आहे की ‘स्पेन’, हेही वाचा. वेबरचं उत्पादन नंतर स्पेनला गेलं, त्यामुळे स्पॅनिश वेबर साठच्या दशकातला असू शकत नाही.

तारखा सांगण्यात विजेचे भाग बनवणाऱ्या ल्युकासचे भाग सगळ्यात प्रामाणिक. डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, स्टार्टर यांच्या अंगावर भाग-क्रमांकाशेजारी आठवडा किंवा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. एका भागावरून निष्कर्ष काढायचा नाही. डिस्ट्रिब्युटर झिजतो, बदलला जातो. पण चार-पाच भागांच्या तारखा गाडीच्या जन्माच्या आसपास असतील आणि फक्त ‘परफॉर्मन्स’चे भाग दहा वर्षांनी पुढचे असतील, तर कन्व्हर्जन कधी झालं ते तुम्हाला कळलं. कूपर एसचा २३डी४ डिस्ट्रिब्युटर व्हॅक्यूम ॲडव्हान्सशिवाय येई. ट्यून केलेल्या गाड्यांवर तो आवडीने लावत. ल्युकासचा ४०८१९ हा क्रमांक त्याचाच.

स्क्रू आणि रिव्हेटही बोलतात. ए-सीरीजवर इंची यूएनएफ आटे आहेत. मॅनिफोल्डजवळ किंवा जास्तीच्या ब्रॅकेटवर मेट्रिक बोल्ट दिसला की तो हात नंतरचा. पाटी ठोकून बसवायच्या खाचदार रिव्हेटने लावली आहे की पॉप रिव्हेटने, पाटीमागचा रंग बाहेरच्या रंगापेक्षा जुना आहे का, अक्षरं ठोकलेली आहेत की लेझरने कोरलेली, हे सगळं बघा. पण वर म्हटलं तसं, पाटी खरी निघाली तरी ती फक्त स्वतःबद्दलच सांगते.

अनुभवी माणूस इंजिनाइतकाच वेळ बाकीच्या गाडीवर घालवतो. खऱ्या ट्यूनरने ताकद वाढवली की ब्रेकचा विचार केलेलाच असे. साध्या ८५० ला चारही चाकांना ड्रम होते; कूपरला १९६१ पासून पुढच्या चाकांना सात इंची डिस्क, कूपर एसला साडेसात इंची डिस्क आणि सर्व्हो (ब्रेकचा जोर वाढवणारं यंत्र). जोरदार इंजिन आणि मूळचे ड्रम, निदान कडक लायनिंगसुद्धा नाही, अशी गाडी एक तर फार सौम्य किटची आहे किंवा इंजिन अलीकडे बसलं आहे. गिअरचंही तसंच. ८५० ला फ्लोअरमधून वर येणारा लांबलचक दांडा होता, कूपरला मागे सरकवलेला आखूड रिमोट दांडा. ८५० मध्ये रिमोट बसवला असेल तर फ्लोअरवरच्या कापाची कड फायरवॉलसारखीच तपासा. उलट लांब दांडा तसाच असेल तर निराश होऊ नका. खऱ्या जुन्या किटच्या बऱ्याच गाड्या अशाच आहेत, कारण मालकाचे पैसे हेड आणि कार्ब्युरेटरवरच संपलेले असत. नकली बनवणारा सहसा सगळं एकदम लावतो: रिमोट, ऑइल कूलर, लाकडी स्टिअरिंग, मिनिलाइट चाकं. अपुरेपणा हा इथे चांगला गुण आहे.

मिनिलाइटवरून आठवलं. जुनी चाकं मॅग्नेशियमची होती, आजची बहुतेक ॲल्युमिनियमची. हातात घेतलं की वजनातला फरक कळतो. अस्सल मॅग्नेशियम चाकांना किंमत आहे, पण तडे तपासून घेतल्याशिवाय त्यांवर गाडी चालवू नका. धातू म्हातारा होतो.

आता कागद. इथेच खरा पैसा आहे. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम बीएमसीच्या जुन्या नोंदींवरून हेरिटेज प्रमाणपत्र देतं. गाडी कधी बनली, कोणत्या रंगाची, मूळ इंजिन क्रमांक काय, कुठे पाठवली, हे त्यात असतं. ते जरूर मागवा, पण त्याची मर्यादा ओळखा: कारखान्याच्या फाटकातून गाडी कशी बाहेर पडली एवढंच त्यात आहे. त्यानंतर डाउनटनने काय केलं ते त्यात येऊच शकत नाही. विकणारा हे प्रमाणपत्र ‘कन्व्हर्जनचा पुरावा’ म्हणून पुढे करत असेल तर ते अज्ञान आहे किंवा हुशारी. त्याचा उपयोग दुसरीकडे होतो. एखादी गाडी कूपर एस म्हणून विकली जात असेल तर चेसी क्रमांकाचा सीए२एस७ किंवा केए२एस४ हा आरंभ फक्त ऑस्टिन की मॉरिस कूपर ते सांगतो, एस आहे की नाही ते नाही. तिथे इंजिन क्रमांकाचा ९एफ-एसए-वाय हा आरंभ १२७५ एससाठी बघायचा आणि प्रमाणपत्राशी ताडायचा. एसच्या हेडला साध्या नऊऐवजी अकरा जागी बांधणी होती, पण नंतरच्या काही १२७५ इंजिनांतही ती आली, म्हणून केवळ स्टड मोजून ‘एस’ म्हणू नका.

कन्व्हर्जनचा खरा पुरावा म्हणजे गाडीचा नंबर किंवा चेसी क्रमांक लिहिलेला त्या काळातला कागद: फर्मची पावती, पत्र, डीलरचं जॉब कार्ड, किंवा इंजिन क्रमांक नाहीतर सीसी बदलल्याची नोंद असलेलं जुनं लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचं पुस्तक). गाडीचा नंबर नसलेली डाउनटनची पावती म्हणजे कुणीतरी कधीतरी डाउनटनकडून काहीतरी घेतलं, एवढंच. ती रद्दी नव्हे, पण या गाडीची साक्षही नव्हे.

कागद नकली असू शकतो, आणि इथे ब्रिटनचा इतिहास मदतीला येतो. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत हिशोब पौंड, शिलिंग, पेन्समध्ये होत. १९६५ च्या पावतीवर दशमान पैसे दिसले तर ती तिथेच संपली. व्हॅट १ एप्रिल १९७३ ला आला. त्याआधी परचेस टॅक्स होता. १९७३ च्या आधीच्या पावतीवर व्हॅट नोंदणी क्रमांक असूच शकत नाही. पोस्टकोडही देशभर १९७४ पर्यंत हळूहळू पोचले. साठच्या दशकातल्या छोट्या गावातल्या फर्मच्या लेटरहेडवर पूर्ण पोस्टकोड असेल तर भुवया उंचवा. टाइपरायटरची अक्षरं कागदात रुततात, मागून बोट फिरवलं तर जाणवतात. लेझर प्रिंट सपाट असतो. यूव्ही दिव्याखाली कागद चमकतो का, ही चाचणी लोक फार सांगतात. युद्धपूर्व कागदासाठी ती ठीक आहे. साठच्या दशकात मात्र चमक आणणारी रसायनं कागदात वापरली जात होती, तेव्हा तिच्यावर काही ठरवू नका.

फोटो हा माझा सर्वात आवडता पुरावा. कौटुंबिक सहलीचा, नंबरप्लेट दिसणारा, मागे दोन तोंडांचा सायलेन्सर किंवा खिडकीतून रेव्ह काउंटर दिसणारा एखादा जुना फोटो नीट टाइप केलेल्या पत्रापेक्षा जास्त बोलतो. तो कुणी पुरावा म्हणून काढलेला नसतो, म्हणूनच. पहिल्या मालकाच्या कुटुंबाचा पत्ता लागला तर विनम्रपणे लिहून विचारा. असे फोटो अल्बममध्ये पडून असतात.

मिनीपलीकडे थोडंसंच. फियाट ५०० वरच्या अबार्थबाबतीत गोंधळ आणखी मोठा आहे, कारण तुरिनच्या कार्लो अबार्थ यांच्या फर्मने तयार गाड्याही विकल्या आणि खोक्यातली किटही. साठच्या दशकातल्या ५०० चं मूळ इंजिन ४९९.५ सीसी, ५९५ साठी बोअर ७३.५ मिलिमीटर केला, ६९५ साठी बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ७६. बिल्ला, पंख असलेला ॲल्युमिनियमचा ऑइल संप (इंजिनाखालची तेलाची टाकी), सायलेन्सर हे सगळं आज नवं मिळतं. म्हणून बाहेरून बघून अबार्थ ठरवणं व्यर्थ आहे, बोअर मोजा आणि कागद मागा. फोक्सवॅगन बीटलवर जर्मनीच्या ओएटिंगर यांचं ओक्रासा किट बघायला मिळतं, त्यात दोन-वाटांची हेडं आणि टीएसव्ही १३०० प्रकारात ६९.५ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक. मूळ ११९२ सीसीचा स्ट्रोक ६४. हेडं खरी आणि क्रँक साधा, अशा गाड्या निघतात. त्यांना अर्धं किट म्हणून अर्ध्याचाच भाव. आणि रेनो ८ गोर्दिनी हे कन्व्हर्जन नाहीच, ती कारखान्याची गाडी. पाटीवर आर११३४ किंवा आर११३५ नसेल तर ती निळ्या रंगाची साधी रेनो ८.

आता भाव. आकडा पौंडांत सांगण्यात अर्थ नाही, बाजार हलतो. प्रमाण सांगतो, आणि ही माझी स्वतःची मोजपट्टी आहे. त्याच अवस्थेतली, त्याच सालची साधी ८५० म्हणजे १००. चौथ्या कप्प्यातली गाडी १००, कधी त्याहूनही कमी, कारण मूळपणा गेला आणि बदल्यात काही मिळालं नाही. तिसऱ्या कप्प्याची गाडी १०० अधिक त्या अस्सल भागांच्या सुट्या बाजारभावाचा निम्मा ते दोन तृतीयांश हिस्सा. पूर्ण नाही, कारण ते काढून विकायला मेहनत आणि वेळ लागतो. दुसऱ्या कप्प्यात, गाडीशी जोडलेला एखादा तरी कागद किंवा फोटो असेल तर मी १२५ ते १४० पर्यंत जातो. पहिल्या कप्प्यात, फर्मच्या कागदावर गाडीचा नंबर, भाग अजून तेच आणि तारखा जुळणाऱ्या, अशी गाडी १५० ते १८०. दुप्पट मी क्वचितच देईन. रेसचा किंवा रॅलीचा नोंदलेला इतिहास असेल तर हिशोबच वेगळा. १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेली मिनी गेडनच्या संग्रहालयात आहे. त्या जातीच्या गाड्यांना ही पट्टी लागत नाही.

वर एक छतही असतं, आणि विकणारे ते विसरतात. त्याच अवस्थेतली कागदांसह खरी कूपर जितक्याला मिळते, त्याच्या वर ट्यून केलेली ८५० सहसा जात नाही. गिऱ्हाईक तुलना करतंच. मागितलेली किंमत खऱ्या कूपरच्या जवळ येत असेल तर स्वतःला विचारा की त्या पैशात कूपरच का घेऊ नये. काही जणांकडे याचं चांगलं उत्तर असतं: डाउनटनची ८५० दुर्मीळ आहे, चालवायला गोड आहे, आणि तशी दुसरी रस्त्यात भेटत नाही. असं उत्तर असेल तर थोडं जास्त देण्यात गैर काही नाही.

भाव कमी करणाऱ्या गोष्टी: बदललेलं बॉडी शेल, इंजिन ब्लॉक दुसरा, नव्याने कापलेला पत्रा, आणि अति रिस्टोरेशन. शेवटची गोष्ट लोकांना पटत नाही. रेतीच्या झोताने साफ करून चकचकीत केलेल्या हेडवरून हाताच्या कामाच्या खुणा, जुना रंग, ठोकलेली बारीक अक्षरं सगळं निघून जातं. साक्षीदाराचंच तोंड बंद होतं. भाव वाढवणाऱ्या गोष्टी: मूळचा एकेरी कार्ब्युरेटर, जुना मॅनिफोल्ड, साधा डिस्ट्रिब्युटर खोक्यात जपलेले असणं. ते भाग स्वस्त आहेत, पण कुणीतरी ते काढून ठेवले यावरून बदल केव्हा आणि कोणी केला याचा माग लागतो.

तुमच्या गाडीसाठी आता एवढंच करा. रॉकर कव्हर काढून हेडचा ओतीव क्रमांक आणि जाडी बघायची परवानगी मागा, बोरोस्कोप सोबत न्या. कार्ब्युरेटरच्या चकत्या आणि ल्युकासच्या सगळ्या तारखांचे फोटो काढा. हेरिटेज प्रमाणपत्र विकणाऱ्याने दाखवलेल्या इंजिन क्रमांकाशी ताडा. आणि थेट विचारा: या गाडीचा नंबर असलेला डाउनटनचा एकतरी कागद आहे का? कागद नसेल, पण हेड १२जी२९५ किंवा त्याआधीचं, घासलेलं आणि हाताने कोरलेलं, तारखा १९६४ ते १९६६ च्या, लांब दांड्याचा गिअर तसाच, असं निघालं तर ती मी कागद नसलेली दुसऱ्या कप्प्याची गाडी धरीन आणि ११५ ते १२५ च्या दरम्यान बोलेन. कागद निघाला तर १५० च्या वर जायला हरकत नाही. हेड ९४० निघालं, किंवा मालक कव्हरच काढू देत नसेल, तर १०० अधिक कार्ब्युरेटर आणि रेव्ह काउंटरचे सुटे पैसे, त्याच्या वर एक पौंडही नाही. व्यवहार ठरलाच तर विक्रीच्या पावतीवर ‘डाउनटन कन्व्हर्जन’ हे शब्द विकणाऱ्याच्या सहीने लिहून घ्या, आणि विमा बाजारभावावर नाही, आधी ठरवलेल्या मूल्यावर उतरवा. त्यासाठी वरचे सगळे फोटो आणि कागद विमा कंपनीला पहिल्याच दिवशी द्या.